बंब ठणठणीत आहे, असं मी लिहिलं

शनि., ५ जुलै
मार्चनंतर वही उघडलीच नाही. वेळ नव्हता असं म्हणवत नाही, टाळत होते. चुकलं.
महिनाअखेर मरीन परेड सोडून सिंगापुरातच हौगांगला. तिथल्या फ्लॅटला बाल्कनी नाही, म्हणजे बंब जाणार. हौसेनं पुण्याहून आणलेला, तांब्याचा. मधल्या नळीत लाकडं, भोवती पाणी. दिवाळीच्या पहाटे बाल्कनीत पेटवायचो, कॉन्डोच्या ऑफिसला न कळवता.
मराठी ग्रुपवर विकायला फोटो टाकला. खाली लिहिलं, बंब ठणठणीत आहे.
आहे का?

रवि., ६
बंब घ्यायला तेजश्री आणि तिचा नवरा ओंकार आले. ती इथे पोस्टडॉक, आता न्यूझीलंडच्या दक्षिणेला नोकरी. जुनं घर, चुलीत लाकडं घालून तापवायचं. तिला सहावा महिना. आई येणार आहे बाळंतपणाला.
"आईला फोटो पाठवला, ताई, रडायचीच बाकी होती." मग विचारलं, "तुमची ईरा याच पाण्यानं अंघोळ करायची?"
"हो, दर दिवाळीला."
खोटं नव्हे. पण गेल्या तीन दिवाळ्या नाही, हे गिळलं. त्यातल्या पहिल्या दिवाळीच्या पहाटे मला वाटलं समीरनं पाणी भरलंय, त्याला वाटलं मी. रिकामाच पेटवला. बुडाचा सांधा सुटला. सेरंगून रोडच्या मागच्या गल्लीतल्या दुकानात झाळून आणला. कशानं झाळला, विचारलं नाही. तेव्हापासून नुसता शोभेला.
ओंकारनं टॅक्सीत मांडीवर धरून नेला.

मंगळ., ८
तेजश्रीनं आईचा व्हॉइस मेसेज पुढे पाठवला. काकू खुशीत. बाळाला त्याच पाण्यानं न्हाऊ घालणार. आणि, "तेजूला प्यायलाही बंबातलंच देईन हो, तांब्याचं पाणी बाळंतिणीला चांगलं."
तीनदा लिहिलं, तीनदा खोडलं.
समीर म्हणतो शोभेची वस्तू म्हणून विकलीयस, त्यात काय. मी असं कुठे म्हटलं होतं? त्यालाही माहीत आहे.
ईरा फोनमधून मान न काढता : "जस्ट टेल हर ला, आई. व्हाय सो ड्रामा?"
पंधरा वर्षांची आहे. सोपं असतं.

गुरु., १०
ऑफिसमधून लवकर निघून लिटिल इंडियातल्या त्या झाळणाऱ्याच्या दुकानात. दुकानदाराला बंब लख्ख आठवत होता. साधं सोल्डर, म्हणाला, शिसं असतंच त्यात.
"यू टोल्ड मी शोपीस, मॅडम. शोपीस कॅन. ड्रिंकिंग कॅनॉट."
खरंच, मीच सांगितलं होतं तसं. कॉन्डोत जाळ करतो हे परक्या माणसापुढे कबूल करायची लाज वाटली होती. पाण्याचा आहे म्हटलं असतं तर त्यानं दुसरं काही वापरलं असतं.
आता माहीत नव्हतं असंही म्हणता येणार नाही.

शुक्र., ११
दुपारी तेजश्रीचाच फोन. पॅकिंग होत आलंय, बंबात बाळाची दुपटी भरलीयेत, जागा वाचली. मग हसत, "ग्रुपवर लोक काय काय खपवतात, ताई! आई म्हणाली, यांच्याकडून घेतेस ना, मग काही विचारू नकोस."
मी म्हणाले, सांभाळून जा. एवढंच. फोन ठेवला.
इतके दिवस का थांबले? बाळाची काळजी खरी. पण त्याहून आधी मनात येतं ते हे, की ती ग्रुपवर सांगेल. कामावर मी लोकांचे रिपोर्ट तपासते, त्यांनी काय लपवलं ते शोधते. आणि मीच…
मेसेज केला तर ती घाईत नुसता अंगठा दाखवेल, मी सुटले असं मानेन. तसं नको.
समीर म्हणतो, सामान बांधून झाल्यावर आता कशाला.

उद्या : दहाला त्यांचे मूव्हर्स येतात, त्याआधी तेजश्रीच्या घरी जाऊन तोंडानं सांगणे.