फांदीवरचं पांढरं

३ डिसेंबर
आजपासून सफरचंदाची बाग माझ्याकडे. सासरेबुवांचे गुडघे संपले, माझी ऑफिसातली नोकरी संपली. योग जुळून आला. अट एकच. फळं धरेपर्यंत ते माझं काम बघणार, मग बाग माझ्याकडे ठेवायची की मेहुण्याकडे द्यायची ते ठरवणार. मेहुणा म्हणतो, झाडं झोपेत आहेत तोवर तेलाची फवारणी उरका, सालीतली कीड मरेल. हिचंही तेच. माहेरचं माणूस बोललं की हिला पटतंच. मी म्हटलं, जे काम थंडी फुकटात करते त्यासाठी पंप पाठीवर कशाला घ्यायचा? थर्मामीटर आणलाय. बागेतल्या कोल्ड स्टोरेजच्या दाराशेजारी, मस्त सावलीत टांगला. कामात शास्त्र हवं.

९ डिसेंबर, सकाळ
तीन अंश. स्वेटर, मफलर, कानटोपी चढवून बागेत राउंड. मेहुणा अर्ध्या बाह्यांच्या शर्टात, वर घामाघूम. ताप असावा. बोललो नाही, उगाच राग यायचा.

२१ डिसेंबर
फांद्यांवर पांढरं. दव गोठलं. सगळ्यांना हाका मारून बोलावलं. हिने त्यावर अंगठा चोळला आणि माझ्या नाकासमोर धरला. लालसर डाग. म्हणाली, अहो, बर्फातून रक्त निघत नाही. हा लोकरी मावा. किडे अंगावर कापसासारखं पांढरं पांघरून बसतात म्हणे.
म्हणजे त्यांनाही थंडी वाजते. माझंच म्हणणं सिद्ध झालं.

७ जानेवारी
कोल्ड स्टोरेजचा मेकॅनिक आला. दाराचं रबर फाटून गार हवा बाहेर येत होती, त्याने नवं बसवलं. थर्मामीटर तीनवरून एकदम एकोणीसवर. बिघडला. मेकॅनिक काहीतरी समजावू लागला, त्याला चहा पाजून वाटेला लावलं. संध्याकाळी दुसरा थर्मामीटर आणला. तोही बिघडलेला.

८ जानेवारी
बरं, थंडी नाही. पण येईल. न येऊन जाते कुठे? टेबलावरचं सटरफटर आत कोंबून कानटोपी तात्पुरती कपाटात.

१८ जानेवारी
देवा, थोडी तरी थंडी पाठव. खिडकी उघडी टाकून झोपतो तर डास फोडून काढतात. मासळीवाल्याकडून बर्फ आणून एका झाडाच्या बुंध्याशी रचला. तासाभरात चिखल, आणि चिखलाभोवती गल्लीतली मांजरं. फवारणी उद्या नक्की.

१९ जानेवारी
पंपाचं नोझल सापडत नाही. घर पालथं घातलं. माझ्या वस्तूंना कोण हात लावतं?

३० जानेवारी
कळ्या फुगल्या, महिनाभर आधीच. मेहुणा म्हणाला, भाऊजी, आता तेल मारलंत तर कळ्या जळतील. मी म्हटलं, मी तरी कुठे मारणार होतो.
ही ब्रश घेऊन एकेक खोड घासतेय. ती जन्मली त्या वर्षी सासरेबुवांनी लावलेली झाडं. नुसती घासतेय. चार शब्द सुनावले असते तर बरं वाटलं असतं. मदतीला गेलो. दोन खोडांत कंबर धरली.
भीती वाटते. ऑफिसात कोणी नव्हतोच, आता इथेही नसलो तर?

२० फेब्रुवारी
अख्खी बाग फुलली. सासरेबुवांना खुर्चीसकट बाहेर आणलं. म्हणाले, इतक्या लवकर नको होतं. कौतुक करायची त्यांची हीच पद्धत. बाग माझी झाली असं समजायला हरकत नाही.

२२ फेब्रुवारी, सकाळी
फुलांवर पांढरं. मावा फुलांपर्यंत चढला. धावत गेलो, अंगठा चोळला. लाल नाही. पाणी. अंगठा बधिर.
दोन्ही थर्मामीटर बघितले. उणे तीन. पुन्हा दोघांचं एकमत.

२४ फेब्रुवारी
फुलं तपकिरी पडली. हात लावला की गळतात. या वर्षी फळ नाही. मेहुण्याने सालीचा तुकडा सोलून दाखवला. आत मावा, धडधाकट. सासरेबुवांनी निकाल दिला. बाग ना माझी, ना मेहुण्याची. कोल्ड स्टोरेजची किल्ली हिच्या हातात ठेवली. हिने ती कमरेला खोचली आणि ब्रश घेऊन पुन्हा बागेत गेली.
मीही निघालो. गारठा भयंकर, म्हणून कपाटातून कानटोपी काढली. आत पंपाचं नोझल.