कॅरिअर नसलेली सायकल

रविवार, संध्याकाळ. यवतमाळ.

घेतली एकदाची! जाड टायरांची, डोंगरात चालवायची. पन्नाशीत पहिली सायकल, तीही अशी. शहाणपणा केला की वेडेपणा?

दोन पाहिल्या. मोठी दिसायला झकास, पण मधला दांडा पायांत घेऊन उभी राहिले तर टाचा टेकेनात. म्हणून छोटी. ह्यांचं मात्र दुकानात एकच, "याले कॅरिअर काहून नाही?"

"काकाजी, टेकडीवरच्या सायकलले नसते," दुकानदार म्हणाला.

"मंग मी कुठं बसू?"

सगळे हसले. हे नाही हसले. गुडघ्यांमुळे ह्यांची सायकल सुटली, आणि ह्यांच्या मागे कॅरिअरवर बसणं माझंही. रस्त्यात खड्डा आला की हे ओरडायचे, "धरजो!" आणि मी ह्यांचा शर्ट गच्च धरायचे. कॅरिअर, कॅरिअर... मला दुकानातच कळायला हवं होतं.

आत्ता गल्लीत पहिली चक्कर मारली. जमत होतं की! हे फाटकात उभे होते. नालीजवळचा खड्डा आला तशी मागून हाक आली, "गड्डा आहे, धरजो!"

आणि माझा हात हँडल सोडून पुढे गेला, शर्ट धरायला.

पुढे कोणीच नव्हतं.