खरं घासलेट

ता. ६ नोव्हेंबर १८९९, ठाणे

जुनं एंजिन आज लाँचीतून वर काढलं. नवं त्याच्या दुप्पट जड आहे. शेठ म्हणतात, हे घासलेटावर चालतं, आता लाँच पेटायची भीती नाही. जुनं दोनदा पेटलं होतं – मी नोकरीला लागायच्या आधी. जुनाट झालं असेल. पण तांडेल नाथा कोळी सांगतो, ठाण्याहून कल्याणपर्यंत या लाँचीला कोणी मागे टाकलं नव्हतं. आता हे धूड पोटात घेऊन ती कशी पळणार? फिटर मार्सेलला विचारलं. म्हणाला, "पळेल."

एवढंच!

मला शेठनी तेल सांभाळायला ठेवलं आहे. महिनाभर बघून मग कायम करतील. आईनं शेजारी सांगूनही टाकलं.

ता. ८

मार्सेलचं आणि माझी बहीण मॅग्डलीन हिचं लग्न इस्टरनंतर. तिला तो साधा वाटतो. साधा माणूस धक्क्यावरच्या तेलाच्या कोठीला दोन कुलपं लावत नाही.

ता. ११

कोठीतल्या डब्यांत काय आहे, मार्सेलला विचारलं. "जुनं तेल. परत पाठवायचंय. हात लावायचा नाही." कोणतं तेल? "एंजिनाचं," म्हणाला आणि नाथाकडे बघून हसला. नाथाही हसला.

ता. १२, रविवार

चर्चमधल्या मिस्साहून येताना धक्क्यावर गेलो. कोठीच्या फटीतून डब्यांवरची इंग्रजी अक्षरं दिसतात. एकेक उतरवून घेतलं. जी, ए, एस, ओ, एल, ई, एन, ई. घरी बसून जुळवलं. गॅसोलेन. दोनदा वाचल्यावर उलगडलं – घासलेट! बॉटलची बाटली झाली, प्लॅटफॉर्मचा फलाट झाला, तसं हे. आपले लोक शब्द ऐकून बिघडवतात. मूळ हे आहे.

म्हणजे घासलेट कुलपात. आणि मार्सेल बाजारातून आणतो त्या डब्यांवर? ते नाव 'के'नं सुरू होतं.

ता. १५

नवं एंजिन चालवलं. आधी त्याचं लोखंडी डोकं दिव्यानं लाल होईतो तापवायचं, मग चाक फिरवायचं. काळा धूर. लाँच म्हशीसारखी निघाली. शेठ धक्क्यावरून म्हणाले, "अरे मार्सेल, खाडीला चढ आहे काय?" तो म्हणाला, नवं आहे, रुळायला वेळ लागेल.

त्याच्या तेलाचा वास घेऊन बघितला. आमच्या घरच्या चिमणीचाच वास. साधं, भेसळीचं.

नाथा म्हणाला, "काय रं लिनो, डब्यात नाक घालून म्हावरं शोधतंस काय?"

ता. १८

मॅग्डलीन म्हणाली, "मार्सेल म्हणतो, तुझा भाऊ हुशार आहे, पण मनातलं बोलत नाही."

माझ्याबद्दल तिच्याशी कशाला बोलतो?

मार्सेल खरं तेल दडवून बाजारचं घालतो, हे शेठना सांगावं, तर हातात पुरावा नाही. आणि लग्न मोडेल. त्यापेक्षा एकदा खरं तेल घालावं. लाँच पळाली की शेठच त्याला विचारतील.

ता. २१

मार्सेल एका नळीसाठी मुंबईला गेला. परवा सकाळी येईल. किल्ल्या नाथाकडे ठेवल्या आहेत. कोठी झाडायची आहे म्हणून मागितल्या.

"घे. पण त्या डब्यांना शिवू नको असं बोललाय तो."

"का?"

"मला काय ठावं? मी वारा जाणतो, तेल नाय."

एक डबा उघडला. पाण्यासारखं स्वच्छ. वास तिखट, नाकात चढणारा. बोटावर घेतलं तर बघता बघता उडून गेलं. डागसुद्धा राहिला नाही. शुद्ध माल!

ता. २३, सकाळ

बाजारचं तेल काढून टाकी आणि दिवा दोन्ही कोठीतल्या तेलानं भरले. थेंब सांडला नाही. शेठ पाहुण्यांना घेऊन कल्याणला निघतील. मॅग्डलीनही जाणार आहे. मार्सेल येईलच. त्याला बोलणार नाही. आज दिसेल.

ता. २४

काल लिहवलं नाही.

मार्सेलनं दिव्याला काडी लावली आणि भडका उडाला. पाहुणे धक्क्यावर होते. मॅग्डलीनचा एक पाय फळीवर होता. त्यानं तो पेटता दिवा दोन्ही हातांनी उचलून खाडीत फेकला. टाकीपर्यंत आग गेली नाही.

आज इस्पितळात गेलो. हात कोपरापर्यंत बांधले आहेत. हळूच म्हणाला, "लिनो, दिव्यात काय घातलंस?"

"घासलेट."

"कुठलं?"

मी सांगितलं. त्यानं डोळे मिटले. "ते घासलेट नव्हे रे. आपण घासलेट म्हणतो ते केरोसीन. गॅसोलेन दुसरं. लांबून ठिणगी दाखवली तरी पेटतं. म्हणून तर एंजिन बदललं."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"तू विचारलंस कुठं?"

मी विचारलं होतं. ता. ११ला लिहिलेलं आहे.

ता. २५

शेठनी इस्पितळात येऊन सगळ्यांसमोर विचारलं, दिवा कोणी भरला? मार्सेल म्हणाला, "मीच. घाईत डबा चुकला." शेठनी त्याला काढलं. मला म्हणाले, "तू कायम. एंजिनही आता तूच बघ."

मी बरं म्हणालो.