परतीचा निरोप

मास्तर, परवा अर्नाळ्याला गेले होते. तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली, आणि तुम्ही असताना मी तुम्हाला कधी दोन ओळी लिहिल्या नाहीत. आज लिहायला बसले याचं कारण एक पोलीस आहे. किनाऱ्यावर सहलीला आलेल्या पोरांपैकी एक जण पाण्यात ओढला गेला होता, आणि हा तरणा पोलीस वाळूत पाय रोवून वॉकीटॉकीत बोलत होता. त्यानं आधी जागा सांगितली, सुरूच्या बनासमोर, ओढ्याच्या डाव्या अंगाला. मग काय झालं ते. आणि मग वळून त्या रडणाऱ्या पोरांना विचारलं, नाव काय रे त्याचं? पलीकडून खरखरत कुणी तरी त्याचंच बोलणं त्याला परत ऐकवलं, तसंच्या तसं. माझ्या लक्षात आलं की मीही ओठातल्या ओठात ते म्हणते आहे. पोरगा सापडला, जिवंत. लोक पांगले. मी चंदनसारला घरी परतले आणि कागद काढून बसले.

तुम्ही आमच्या गावात, अर्नाळ्यात आलात तेव्हा लढाई संपून दोन-तीन वर्षं झाली होती. तुम्ही घाटावरचे, पलटणीत बिनतारी यंत्रावर काम केलेले, आणि आमच्या शाळेत मास्तर. किनाऱ्यावरच्या चौकीत लष्कराचं एक यंत्र मागे राहिलं होतं. खोक्याएवढं, हिरवं, त्याला जड बॅटऱ्या. दुसरं तसंच यंत्र चौकीच्या लाँचवर होतं. चौकीतलं यंत्र चालवणारं कुणी नव्हतं, म्हणून शाळा सुटली की तुम्ही कानाला ते काळे गोळे लावून बसायला लागलात. वारं उठलं की लाँच बाहेर फेरी मारायची आणि कुठली होडी कुठे अडकली ते तुम्हाला सांगायची. लाँच मोठी, तिला उथळ पाण्यात जाता येत नसे. तिथे जायचं ते आमच्या छोट्या होड्यांनी. म्हणजे लाँचला जे दिसलं ते पाण्याच्या कडेला थांबलेल्या माणसांना कळायला हवं. चौकी बनाच्या आत, आणि ओहोटीला पाणी कुठल्या कुठे गेलेलं. तुम्हाला यंत्र सोडता येईना. एक माणूस पळत पाठवलात तर तो मऊ वाळूत धापा टाकत पोचला आणि अर्धा निरोप विसरला. तेव्हा तुम्ही आम्हा पोरांची साखळी केलीत.

चौकीच्या दारापासून पाण्यापर्यंत आम्ही उभे राहायचो, एकाचा आवाज दुसऱ्याला लाटांवरून ऐकू जाईल एवढ्या अंतरानं. तुम्ही एक तुकडा सांगायचात, तो पोरापोरांच्या तोंडून पाण्याशी जायचा, आणि शेवटच्यानं तो उच्चारला की तसाच उलटा तुमच्यापर्यंत परत यायचा. परत आलेला निरोप बरोबर असला तरच तुम्ही पुढचा तुकडा द्यायचात. आधी कोण, मग काय, मग कुठे. शाळेच्या भिंतीवर तुम्ही ते तेलाच्या रंगानं लिहून ठेवलं होतं, पाढ्यांच्या वर. माणसांची नावं घ्यायची नाहीत, नंबर घ्यायचे. तुम्ही स्वतः हातात ब्रश घेऊन प्रत्येक होडीच्या नाळेवर, पुढच्या टोकाला, नंबर रंगवलात. जिथे बायका हळदकुंकू लावायच्या नेमक्या त्या जागी. तेव्हा आमची आये टोपली कमरेवर घेऊन तुम्हाला म्हणाली होती, "मास्तर, होडीवर नंबर टाकलाव, आता आमच्या कपालावर पन टाका." बाकीच्या बायका हसल्या. तुम्ही ब्रश न थांबवता म्हणालात, "कपाळ हरवत नाही, होडी हरवते." आमच्या होडीवर तुम्ही सात घातलात.

वर्गात 'पानी' म्हटलं की तुमची पट्टी ठरलेली. पण साखळीत तुम्ही आम्हाला सांगितलंत, घरी बोलता तसंच बोला, पाण्यापाशी उभ्या माणसाला कळलं पाहिजे. हे मला फार आवडलं होतं. आणि तुम्ही मला साखळीच्या शेवटी, पाण्याशी उभं केलंत. माझा आवाज पोरीच्या मानानं घोगरा आणि रुंद. घरी सगळे त्याला हसायचे, बाबा म्हणायचा, हिला बाजारात बसवा, गिऱ्हाईक वसईवरून येईल. तुम्ही हसला नाहीत. रॉकेलच्या डब्याचा पत्रा कापून तुम्ही मला भोंगा करून दिलात, ओठ कापू नयेत म्हणून त्याची कड दुमडून, वर सुतळी गुंडाळून. माझ्यासाठी कुणी काही बनवलं होतं ते पहिल्यांदाच. बाबानं तो हातात फिरवून बघितला आणि म्हणाला, मास्तरचा हात बरा आहे.

त्या दिवशी दिवाळी तोंडावर आली होती. दुपारी आभाळ निवळ होतं आणि एकाएकी दक्षिणेकडून वारं आलं. तुमची शिट्टी वाजते आणि आम्ही पाटी टाकून पळतो. मी शेवटी उभी आहे, घोट्यापर्यंत पाणी, ओहोटी सरून भरती नुकती लागलेली. माझ्यापासून हाताच्या अंतरावर आये आहे, पदर दातात धरून. एक म्हातारा तांडेल आपली छोटी होडी पाण्याला लावून, दोन माणसं वल्ह्यांवर बसवून थांबला आहे. कुठे जायचं ते कळलं की निघायचं. माझ्या अलीकडे माझ्या बाकावरची मैत्रीण उभी आहे. ती ऐकते, माझ्याकडे वळते, तिचं तोंड उघडतं आणि मिटतं. मग ती म्हणते, "सात उलटली."

मी भोंगा तोंडाला लावते आणि पाण्याकडे बघून ओरडते, सात उलटली. आवाज चांगला लागतो. आता वळायचं आणि तोच निरोप परत पाठवायचा, एवढंच काम आहे. पण आयेनं माझा हात धरला आहे. ती ओरडत नाही. अगदी हळू, चुलीपाशी मीठ मागावं तशी म्हणते, "काय बोललीस? परत बोल."

मी कुणाला परत सांगायचं, मास्तर? तुम्ही सगळं शिकवलं होतंत, हे नाही. मी आयेकडे बघत राहिले आणि माझ्या घशातून काही येईना. म्हातारा वल्हं उचलून तसाच थांबलेला. किती वेळ गेला ते मला त्या वेळी कळलं नाही, आज सांगता येणार नाही. मग बनाकडून एक आवाज निघाला. तुमचाच असणार, पण तो माझ्यापर्यंत आला तो पोरापोरांच्या तोंडून. मोठी पोरं, लहान पोरं, बोबडं बोलणारा एक होता तोसुद्धा, एकामागून एक माझ्याकडे वळून ओरडत गेली, परत का नाही, परत का नाही. शेवटी माझ्या मैत्रिणीनं रडत रडत माझ्या तोंडावर ते म्हटलं. मी आयेचा हात झटकला, तिच्याकडे पाठ केली आणि परतीचा निरोप दिला. सात उलटली. मग दुसरा तुकडा आला, चार माणसं जाळ्याच्या खांबांना धरून. त्या होडीवर होती चारच. म्हणजे सगळी जिवंत होती, बाबाही. मी ते ओरडले, परत पाठवलं. मग तिसरा, बेटामागे, खाडीच्या तोंडाशी. त्यानंतर म्हाताऱ्याची होडी निघाली.

ती तिघांना घेऊन आली. म्हातारा वाळूत उतरला, डोक्याची टोपी काढली आणि आयेसमोर उभा राहिला. "आत्ता होता गो बाय," तो म्हणाला. "आमाला बघून त्यानं हात वर केला. एका हातानं नाय धरवलं त्याला."

बाबा दुसऱ्या दिवशी वर आला, कळंबच्या बाजूला.

बाबाचे दिवस उरकल्यावर मी शाळेत आले. मला वाटलं होतं तुम्ही काही बोलणार नाही. हजेरी झाली आणि तुम्ही मला उभं केलंत. परत यायला उशीर का झाला, असं विचारलंत. उशिराच्या परतीला पट्टी, हा नियम भिंतीवर नव्हता पण सगळ्यांना ठाऊक होता. मी हात पुढे केला. तुम्ही एकच मारलीत, जोरात नाही, हळूही नाही. इतरांना मारायचात तेवढीच. मग म्हणालात, "साखळीत उभं राहिलं की तुला बाप नाही."

मी म्हटलं, "आता नायच हाय, मास्तर."

मागच्या बाकावर कुणी तरी फिसकन हसलं. मुलं असतात तशी. तुम्ही त्याला मारलं नाहीत. फळ्याकडे वळून तुम्ही गणित घातलंत, आणि मी ते सोडवलं.

घरी तर त्याहून वाईट होतं. आयेला माझा आवाज सहन होईना. मी अंगणातून हाक मारली की तिच्या हातातलं भांडं पडायचं. एकदा चुलीपाशी ती बोंबील भाजत होती आणि मी बाहेरून मोठ्यानं विचारलं, भात झाला का. ती जळतं लाकूड हातात घेऊन दारात आली आणि म्हणाली, "तुझ्याच तोंडून ऐकला मी. तुझ्याच." मग लाकूड परत चुलीत सारलं आणि मला वाढलं. त्या दिवसापासून मी घरात कुजबुजत बोलायला लागले. अजून तशीच बोलते. माझी मुलं म्हणतात, आई, तू फोनवर काय बोलतेस ते कळतच नाही. लग्नानंतर नवऱ्याला वाटायचं मी स्वभावानं मवाळ आहे. मी त्याला तसं वाटू दिलं.

पुढच्या वर्षी पाऊस सरला, होड्या पाण्यात ढकलायचे दिवस आले, आणि तुम्ही मला भिंतीपाशी बोलावलंत. एका वाटीत टर्पेंटाईन आणि चिंधी दिलीत. म्हणालात, ते पुस. मी स्टुलावर चढून 'कोण, काय, कुठे' पुसलं. तेलाचा रंग, लवकर जाईना. मग तुम्ही माझ्या हातात ब्रश दिलात आणि एकेक शब्द सांगत गेलात. कुठे. काय. कोण. मी लिहिलं. वाकडं आलं, तरी तुम्ही काही म्हणाला नाहीत. तुम्ही खिडकीबाहेर बघत होतात. मग बाहेर बघतच म्हणालात, परत सांग. मी सांगितलं, कुठे, काय, कोण. एका पोरानं विचारलं, मास्तर, का बदललं? नियम बदलला, तुम्ही म्हणालात, वरून आलंय.

मी त्याच संध्याकाळी चौकीच्या शिपायाला विचारलं की वरून काय आलं. तो विडी ओढत होता. म्हणाला, "वरून? वरून वेळेवर पगार येत नाही गो, नियम कुठले येतात."

तेव्हा मला कळलं की तुम्हाला कळलं आहे. मास्तर, आधी जागा सांगितली असतीत तर म्हातारा केव्हाच निघाला असता. मी गप्प राहिले असते, आयेनं माझा हात धरला असता, आम्ही दोघी तिथे वाळूत बसून रडलो असतो, आणि होडी तरी वाटेला लागलेली असती. तुमचा 'कोण' आधी होता, म्हणून माझं गप्प राहणं त्या चौघांच्या आणि त्या वल्ह्यांच्या मधे आलं. हे तुम्हाला पहिल्यांदा कधी कळलं? चौकीतून 'परत का नाही' म्हणून विचारलंत त्या वेळी? की पट्टी मारताना माहीत होतं आणि तरी मारलीत? मला हे दुसरं खरं असेल असं वाटतं. तुम्ही दुष्ट नव्हतात असं मी म्हणत नाही, होतात. माझ्या मनावर एक दगड ठेवून तुम्ही एक वर्ष मला समोरच्या बाकावर बघत राहिलात, आणि तो उचलायची वेळ आली तेव्हाही भिंत तेवढी तुम्ही माझ्याच हातानं पुसून घेतलीत, नियमाच्या नावाखाली. एक वाक्य बोलला असतात. वर्गात नाही, बनात, एकटीला. त्या वाक्यानं बाबा आला नसता. पण मी आयेला जाऊन ते सांगितलं असतं, तसंच्या तसं, एक शब्द न बदलता. ते मला येत होतं.

पुढे चौकी हलली, यंत्र गेलं, तुम्ही घाटावर परत गेलात. तुम्ही वारल्याचं मला शाळेतल्या जुन्या बाईंकडून कळलं, भाजी घेताना. मी भाजी घेतली. आये तुमच्या नंतर गेली, शेवटी शेवटी मला जवळ बसवून घ्यायची, पण मी बोलायला लागले की डोळे मिटून घ्यायची.

हे पत्र कुठे टाकायचं हा प्रश्न नाही. टाकलं तरी परत सांग म्हणणारं पलीकडे कुणी नाही, आणि परत न आलेला निरोप पोचला असं धरायचं नाही, हे तुमचंच शिकवणं. म्हणून ते घडी करून कपाटात ठेवते आहे. फक्त एक गोष्ट राहिली, जी तुम्ही विचारली नाहीत. भिंतीवर नवीन शब्द लिहून झाल्यावर त्या मोसमात तुम्ही पुन्हा साखळी लावलीत आणि मला म्हणालात, तू हवी तर मधे उभी राहा. मी म्हटलं, शेवटी. आये आदल्या संध्याकाळी भोंगा लपवून बसली होती, तो मी शोधून आणला होता. तुम्हाला वाटलं असेल पोर धीराची आहे, किंवा तुम्हाला शिक्षा करायला उभी राहते आहे. तसं काही नव्हतं. मला ती जागा आवडायची. बाबा गेला त्या दिवशीही, आयेनं हात धरायच्या आधी, माझा आवाज पाण्यावरून थेट बेटापर्यंत गेला होता, आणि तो मी ऐकला होता.