गुरू ग्रह आणि फेर्नाँच्या शेळ्या

वेधशाळा, सोलोन्य, मंगळवार

प्रिय पापा,

मी मजेत आहे, वेळेवर जेवते. गुरू ग्रहाच्या रेडिओलहरी नेमक्या कुठून निघतात ते शोधताना तीन आठवडे नुसती टकटक ऐकली. ती शेजारच्या म्हाताऱ्या फेर्नाँच्या विजेच्या कुंपणाची निघाली!

“कुंपण बंद केलं तर शेळ्या काय तुझा गुरू राखणार?” तो खेकसला.

“मी राखते,” म्हटलं.

गुरू बोलला तेव्हा मी ओढ्यातून बोकड बाहेर ओढत होते. पण यंत्राने टिपलं: लहरींचा पीळ उजवा, म्हणजे उगम उत्तर ध्रुवाकडे. खात्री होईपर्यंत रोज राखणार.

तुमचा गुडघा कसा आहे? खरं सांगा, आपल्या शेळ्यांमागे कोण धावतं?

मी शेळ्यांपासून सुटावं म्हणून मला शिकवलंत. पण इथल्या नऊ शास्त्रज्ञांत बोकड धरता येतो तो मला एकटीलाच.

तुमची हट्टी,
क्लोतिल्द