दीड वेढा

११ फेब्रुवारी

मासे गळाला लावायची पहिली खोटी माशी बांधली. क्लिफने ती डाव्या हाताने उचलली, पाण्याच्या ग्लासात बुडवली, निरखून पाहिली — आणि पातं घेऊन सगळं खरवडून काढलं. रेशीम, पिसं, तार, सगळं. नुसता गळ परत माझ्यापुढे ठेवला. म्हणाला, बाटल्या धुवायला बरी होती.

अर्धांगाचा झटका आल्यापासून त्याचा उजवा हात मांडीवर नुसता पडून असतो, उजवा पाय ओढत चालतो. नवऱ्याची जीभ मात्र शाबूत. देवाने वाचवायला नेमकी तीच निवडली!

मला कुठे हौस होती? त्याच्या पेटीतल्या माशा संपल्या, आणि दुकानातली माशी तो गळाच्या दोरीला लावणार नाही. आमच्या खोऱ्यात तसं करणाऱ्याला लोक हसतात. पंचवीस मार्चला ट्राउट माशांचा हंगाम उघडतो. त्या दिवशी मी नदीवर असणार, हे त्याचं एकच वाक्य हिवाळाभर ऐकतेय.

१४ फेब्रुवारी

वरच्या शेतावरचा रेजी आल्डरसन फेझंट पक्ष्याच्या नराचं शेपूट देऊन गेला. लांब, तांबूस, देखणं. तित्तराच्या पाठीची पिसंही आणली. मी चहा आणि केक घेऊन आत आले तर दोघांची कुजबुज बंद! म्हातारे झाले तरी शाळेतल्या पोरांसारखे वागतात.

शेपटाचे चार धागे गळावर गुंडाळायचे, त्यावर जुन्या रेडिओतली तांब्याची तार. एवढं जमतं. घोडं अडतं ते मानेपाशी. तिथे तित्तराचं एकच पीस, आणि त्याचे फक्त दीड वेढे. माझा हात काही दिडावर थांबत नाही. केकात मनुका टाकतानाही थांबत नाही. क्लिफचं म्हणणं, पीस पाण्यात श्वास घेतल्यासारखं हललं पाहिजे, आणि मी त्याला स्वेटर घालते.

१५ फेब्रुवारी

आज बांधल्या तेवढ्या सगळ्या त्याने खरवडल्या. बोटांना रेशमाला चोळायच्या मोचीच्या मेणाचा वास. बटाटे करपले. खाल्ले दोघांनी मुकाट्याने.

२० फेब्रुवारी

बागेतल्या रबरी बुटांपैकी डावा सापडत नाही. रेजीच्या कुत्र्याचं काम, दुसरं काय!

२३ फेब्रुवारी

बूट परत पायरीवर. दाताची एक खूण नाही. कुत्र्याला उगाच शिव्या घातल्या.

२ मार्च

जमली!

दीड वेढा, पुढे रेशमाचं बारीकसं डोकं, बस. ग्लासात सोडली आणि पीस उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. मलाच क्षणभर वाटलं, ही आता पोहत जाते की काय. क्लिफ बराच वेळ बघत राहिला. पातं उचललं नाही. माशी पुसली, पेटीत ठेवली आणि 'हं' म्हणाला. त्याच्या तोंडचं 'हं' म्हणजे दुसऱ्याच्या तोंडचं भाषण.

स्वयंपाकघरात जाऊन थोडी रडले. एवढ्याशा पिसासाठी! वेडी कुठली.

४ मार्च

डॉक्टर येऊन गेले. नदीत पाऊलही टाकू देऊ नका म्हणाले. पाणी बर्फासारखं, दगड शेवाळलेले, पायात जोर नाही. क्लिफ खिडकीबाहेर बघत होता, जसं काही दुसऱ्याच कुणाबद्दल चाललंय. मागच्या वसंतात नदीने धडधाकट दोन पायांचा माणूस नेला, तोही इथल्या पुलाच्या खालीच.

भांडी विसळताना एकदम लक्षात आलं — त्याची पेटी भरतेय कोण? मीच!

७ मार्च

आज मुद्दाम तिसरा वेढा घेतला. प्रत्येक माशीला. क्लिफने खरवडल्या. टोमणाही नाही.

१० मार्च

पुन्हा तेच केलं. या वेळी त्याने पातं खाली ठेवलं.

"दीड वेढा तुझ्या बोटांना आता येतो, एनिड. उरलेला तू भीतीने घेतेस."

खोटं कशाला बोलू? हो म्हणाले. म्हणाले, मला तू कोरडा हवा आहेस, आणि घरात. त्यावर तो हसला. डाव्या हाताने नवा गळ टेबलावरच्या शिकंज्यात घट्ट लावून दिला. त्याला त्यासाठी किती खटपट करावी लागली! मग मी नीटच बांधली. का, ते विचारू नये.

१७ मार्च

पोस्टमनने पार्सल दिलं. स्किप्टन गावातल्या मासेमारीच्या दुकानाचं, जड, कागदातूनही रबराचा वास. मांडीपर्यंतचे बूट, नदीत उतरायचे! म्हणजे क्लिफने रेजीला हाताशी धरून मागवले. एवढी कुजबुज ह्यासाठी.

न उघडता जिन्याखाली ढकललं, वर बादली ठेवली. क्लिफने विचारलं, काही आलं का? नाही म्हणाले. इतक्या वर्षांत त्याला सरळ थाप मारायची वेळ आली नव्हती. मला वाईट वाटलं, पण बादली काढली नाही.

२१ मार्च

पेटीची एक रांग भरली. सगळ्या माझ्या. सुरेख दिसतात, म्हणायला हरकत नाही.

२४ मार्च

दुपारी राहवलं नाही. सगळं सांगून टाकलं. पार्सल कुठे आहे तेही. म्हणाले, तू ते बूट घालून नदीत गेलास तर मी काठावर उभी राहून बघू शकणार नाही, आणि घरी बसून वाटही बघू शकणार नाही. त्यापेक्षा जाळून टाकते.

मला वाटलं, भांडेल. त्याने माझा मेणाने काळा झालेला अंगठा हातात घेतला.

"आधी उघड, पोरी. मग जाळ."

मी कोंबड्यांना दाणे घालायला निघून गेले.

२५ मार्च

उजाडताच उघडलं.

पाच नंबर, माझ्या बागेतल्या बुटांचाच. क्लिफचा पाय दहाचा.

गळाची काठी कशी धरतात हेही मला ठाऊक नाही. रेजी खुर्ची घेऊन दारात उभा आहे. काठावर बसून ओरडायचं काम क्लिफचं, म्हणे. डावा बूट घालून पाहिला. नीट बसला.