लांबलेले चार दिवस

१० जाने. ९४, सोम.
शेवटी डॉक्टरीणबाईंकडे गेले. दोन महिने अंगावरून पांढरं जातंय, ओटीपोट दुखतंय, आणि मी आपली चाळीच्या संडासाला दोष देत रोज फिनेल ओततेय. बाई म्हणाल्या, "संडासातून नाही येत हे. संबंधातून येतं, नवऱ्याकडून." मान वर करवेना. गोळ्या दोघांच्याही दिल्यात. यांनी नाही घेतल्या तर मी बरी होऊन परत तेच. दोघांच्या पुऱ्या होईपर्यंत जवळ जायचं नाही. अंगावर काढलं तर मूल राहणं कठीण. लग्नाला तीन वर्षं झाली, अजून पाळणा नाही. का, ते आता कळलं.

१३, गुरु.
हे ट्रेलर घेऊन गुजरातहून आले. पाकीट पुढे केलं. "मला काय धाड भरलीय? तुजा रोग, तू खा गोल्या." कपाटावर भिरकावलं. महिना महिना रस्त्यावर काढणार हे, आणि रोग माझा! सांगून टाकलं, मी बाजूला बसलेय. दाराशी चटई टाकली. एरवी या शिवाशिवीचा मला कोण राग. आज तीच उपयोगी पडली.

१६, रवि.
दुखणं कमी. यांचं पाकीट तिथंच. आज चौथा दिवस, डोक्यावरून पाणी घ्यायचं. म्हटलं, अजून थांबलं नाही. सासूबाई बोटांवर काहीतरी मोजत होत्या. माहेरी जावं तर आई विचारणार, का आलीस. एका खोलीत पळून पळून जाणार कुठे?

१९, बुध.
सासूबाईंनी मोरीपाशी गाठलं. "पंधरा दिसांमागं बसली व्हतीस. मी काय आंधली हाय?" लपवण्यासारखं उरलंच नव्हतं. रडत सगळं सांगितलं. वाटलं, आता शिव्या. त्या भांडं घासत राहिल्या. मग म्हणाल्या, "याचा बापूस पन गाडीवरच व्हता. याच्या आदी माजी तीन पोटातच गेली. मला कोनी गोल्या नाय दिल्या."

२०, गुरु.
जेवायला बसताना यांनी चिडून विचारलं, "झालं का नाय अजून?" मी तोंड उघडायच्या आत सासूबाई, "नाय. बाहेरच हाय ती." माझं ताट दाराशी सरकवलं. कपाटावरचं पाकीट काढून यांच्या पाण्याच्या तांब्याशेजारी ठेवलं.
हे पाणी प्याले. पाकीट तसंच.
परवा हे गाडी भरून निघणार. उद्याच्या रात्री काय सांगायचं, ते अजून आम्हा दोघींना सुचलेलं नाही.